पाणी यायच्या आधीचे महिने

कोल्हापुरात पाणी फुटांत मोजतात. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर गेली की धोका. पावसाळ्यात हा आकडा तासातासाला फोनवर फिरत असतो. सांगलीला आयर्विन पूल आहे, तिथं ४० आणि ४५. आमच्या शिरोळ तालुक्यात मात्र जुनी माणसं आधी विचारतात, "वाडीला दक्षिणद्वार झालं का?"

नृसिंहवाडीला कृष्णा आणि पंचगंगा मिळतात. नदी चढली की पाणी दत्तमंदिरात येतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. त्या धारेत स्नान करायला लांबलांबहून लोक येतात. पाणी कुठल्या ओढ्यातून आधी शिवारात शिरतं, कुठला रस्ता पहिल्यांदा बंद होतो, कुठल्या वळणाला ओढ जास्त असते, हे इथल्या शेतकऱ्याला पाठ असतं. आमची काळी कसदार जमीन याच पाण्यानं दिलेली आहे. त्यामुळं पुराला भिऊन राहायची इथं कुणाला सवय नाही. पिढ्यान् पिढ्यांच्या या ओळखीनंच २०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्हाला घरात थांबवून ठेवलं.

त्याआधीचा मोठा पूर २००५ चा. गावागावांत भिंतींवर त्याच्या रेघा होत्या. २०१९ ला पाणी वाढायला लागलं तसा लोकांनी त्या रेघेच्या हातभर वर माल ठेवला. धान्याची पोती माळ्यावर, टीव्ही कपाटावर, कागदपत्रांची पिशवी खुंटीला. "पाचला हितंवर आलतं, त्याच्या वर काय येत न्हाई," असं ज्यानं त्यानं एकमेकाला सांगितलं. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं आणि राजाराम बंधाऱ्यावर ५५ च्या पुढं. रेघ तर गेलीच, कपाटं गेली, माळे गेले. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन कितीतरी दिवस बंद पडला. कोल्हापूर आणि सांगली मिळून चार लाखांच्या घरात माणसं हलवावी लागली.

मला राहून राहून एकाच गोष्टीचं वाटतं. हा पूर अचानक आलेला नव्हता. किल्लारीच्या भूकंपानं कुणाला क्षणाचीही सवलत दिली नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, आदल्या दिवशी गणपती विसर्जन करून दमून झोपलेली माणसं. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं जड माळवद अंगावर आलं आणि १० हजारांच्या आसपास माणसं गेली. कृष्णेचा पूर तसा नसतो. घाटमाथ्यावर पाऊस लागतो, धरणं भरतात, विसर्ग सुटतो, आणि ते पाणी आमच्यापर्यंत यायला वेळ लागतो. शिरोळात तर कृष्णेची पातळी चढली की पंचगंगेच्या पाण्याला पुढं जायला वाट मिळत नाही, फुगवटा मागं पसरत जातो. पाणी हळू चढतं आणि त्याहून हळू उतरतं. हातात दोन-तीन दिवस असतात. एवढा वेळ मिळूनही शेवटी छपरांवरून माणसं काढायला होड्या का लागल्या?

याचं उत्तर मला माझ्या आत्तीनं दिलं. तिचं गाव नदीकाठी. तिच्या मुलानं ट्रॅक्टर दारात आणून उभा केला होता. ती म्हणाली, "पोरी, मी न्हाई येत. म्हशींस्नी कोण बघणार?" दोन म्हशी आणि एक रेडी. दुधाच्या बिलावर तिचं घर चालतं, नातवाची फी त्यातूनच जाते. शाळेतल्या छावणीत माणसांची सोय होती, जनावरांची कुठं होती ते कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. शेजारच्या घरात अंथरुणाला खिळलेले सासरे होते. त्यांना उचलून ट्रॉलीत घालायचं तर चार माणसं पाहिजेत, आणि छावणीत त्यांना बसायला संडास कसला मिळणार हा सुनेचा प्रश्न. पलीकडच्या घरातल्या कर्त्या माणसाला चोरीची भीती. आणखी एका घरातली बाई दिवस भरलेली. यातलं एकही कारण खोटं नव्हतं. बाहेरून बघणाऱ्याला ही माणसं हट्टी वाटतात. छपरावर अडकलेल्यांचं चित्रण दाखवताना टीव्हीवर तसं बोललंही गेलं. मला ते फार लागलं. ज्याला आपण हट्ट म्हणतो तो बहुतेक वेळा घराचा हिशेब असतो, आणि त्या हिशेबात सरकारनं कुठलीच रक्कम भरलेली नसते.

पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला होडी उलटली. पुरातून बाहेर पडायला निघालेली माणसं, क्षमतेपेक्षा जास्त भरलेली होडी. बायका-मुलांसह डझनाहून जास्त जीव गेले. ही माणसं तर निघाली होती. त्यांना निघायला लागलं तेव्हा रस्ता उरला नव्हता, आणि जी होडी होती तीवर चढण्यावाचून इलाज नव्हता.

मी जयसिंगपुरात शाळेत शिकवते. जयसिंगपूर उंचावर, त्यामुळं पुरात तालुका इकडं येतो. २०१९ ला आमच्या वर्गावर्गांत माणसं होती. आजूबाजूच्या गावांतून भाकरी, ठेचा, झुणका इतका आला की काही दिवस तो पुरवून वाटावा लागला. जुन्या कपड्यांचे ढीग पडले. मदत करणाऱ्यांच्या मनात काही खोट नव्हती. आपल्या भागातली माणसं किती मोठ्या मनाची आहेत ते मी त्या दिवसांत पाहिलं. पण रक्तदाबाच्या गोळ्या घरी राहिलेली म्हातारी माणसं तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन बसायला लागली. इन्सुलिन लागणारे होते, आणि ते ठेवायचं कुठं याचा घोर होता, कारण वीज नव्हती. मुली माझ्याजवळ येऊन हळूच पॅड मागायच्या. संडास दोन, माणसं शेकड्यांनी. फोन चार्ज करायला जनरेटरपाशी रांग. ज्यांचा फोन बंद, त्यांना मागं राहिलेल्या माणसाची काही खबर नाही. हे सगळं उन्हाळ्याच्या सुट्टीत बसून आधी लिहून काढता आलं असतं. यात अचानक असं काही नव्हतं.

देशाच्या पातळीवर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जे उभं राहिलं ते मी कमी लेखत नाही. किल्लारीनंतर महाराष्ट्रानं मंत्रालयात आणि जिल्ह्याजिल्ह्यांत नियंत्रण कक्ष उभारले. पुढं १९९९ चं ओडिशातलं महाचक्रीवादळ, २००१ चा भूजचा भूकंप, २००४ ची त्सुनामी, २६ जुलै २००५ ची मुंबई, असे एकावर एक घाव बसले आणि २००५ च्या डिसेंबरमध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय प्राधिकरण, राज्यात मुख्यमंत्री, जिल्ह्यात जिल्हाधिकारी. २००६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, म्हणजे एनडीआरएफ, उभं राहिलं. आठ बटालियनची आज सोळा झाली आहेत. आपल्याला जवळची पाचवी बटालियन तळेगावजवळ सुदुंबऱ्याला आहे. महाराष्ट्राचं स्वतःचं राज्य आपत्ती प्रतिसाद दल धुळे आणि नागपूरला आहे. २०१९ ला सांगलीत बोटीतून सुटका झाल्यावर एका बाईनं जवानांच्या पाया पडल्याचं चित्रण देशभर पाहिलं गेलं. ती कृतज्ञता खरी होती. केशरी गणवेशातली ती पोरं नसती तर आमच्या तालुक्यातली किती घरं आज रिकामी असती, याचा विचार करवत नाही.

पण एनडीआरएफच्या एका पथकात साधारण ४५ जण असतात. ते सुदुंबऱ्याहून निघून शिरोळला यायचे म्हणजे अडीचशे किलोमीटरच्या पुढं, आणि तेही महामार्ग चालू असला तर. तेवढ्या वेळात जे व्हायचं ते झालेलं असतं. किल्लारीत पहाटे ढिगारे उपसले ते शेजाऱ्यांनी. ३० जुलै २०१४ ला माळीण गाव डोंगराखाली गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली, आणि ही गोष्ट जगाला कळली ती नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकामुळं, कारण समोर गाव दिसेना. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली तेव्हा वर जायला गाडीरस्ताच नव्हता. खालच्या गावांतली माणसं आणि गिर्यारोहक पोरं अंधारात, पावसात, पायवाटेनं चढली. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. किल्लारीही त्या वेळच्या नकाशात सगळ्यांत कमी धोक्याच्या भूकंपक्षेत्रात होती. आमच्या भिंतींवरची २००५ ची रेघ त्याच जातीची. यादी, नकाशा, रेघ यांचा उपयोग आहेच. पण त्यांच्या पलीकडचं काही घडलं तर पहिल्या तासात तिथं जो असेल त्याच्या हाताला काय करायचं ते माहीत असलं पाहिजे. राष्ट्रीय क्षमता कुठं मोजायची असं मला विचारलं तर मी तिथं बोट ठेवीन.

पैशाची वाटणीही बघा. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ साठी राज्यांच्या आपत्ती निधीची विभागणी ठरवून दिली. शंभरातले ४० रुपये बचाव आणि मदतीला, ३० पुनर्बांधणीला, २० धोका कमी करायला आणि १० तयारी व क्षमता वाढवायला. तयारीसाठी वेगळा हिस्सा काढला ही मोठीच गोष्ट, पूर्वी तेवढंही नव्हतं. तरी ते १० रुपये आमच्या गावापर्यंत येताना कशाच्या रूपात येतात, हे मला शोधावंसं वाटतं. लाइफ जॅकेट दिसतात. होडी दिसते. होडी चालवणाऱ्याला दरवर्षी सराव द्यायचा, इंजिन एप्रिलमध्ये उघडून बघायचं, जॅकेटला बुरशी लागली का ते तपासायचं, यासाठी कुणाचा दिवस राखून ठेवलेला दिसत नाही. तलाठ्याकडं दोन-तीन सज्जांचा कारभार, ग्रामसेवकाकडं शंभर योजना. पूर ओसरल्यावरच्या पंचनाम्यात मात्र आपली यंत्रणा तरबेज आहे, कारण तिच्याकडून तेच करून घेतलं जातं.

ओडिशाचं उदाहरण मला धीर देतं. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये तिथं १० हजारांच्या आसपास माणसं गेली. त्याच वर्षी त्यांनी राज्याचं आपत्ती प्राधिकरण उभं केलं, देशाचा कायदा व्हायच्या किती आधी. २०१३ ला फायलिन आलं तेव्हा १० लाखांच्या आसपास लोक आधीच हलवले होते आणि मृत्यू पन्नासच्या आत राहिले. २०१९ च्या मे महिन्यात फनी आलं, १२ लाख माणसं हलवली. ६४ जण गेले. वादळं जोराचीच, माणसं तीच गरीब कोळी-शेतकरी. मधल्या वर्षांत त्यांनी किनाऱ्यावर शेकडो निवारे बांधले, आणि एरवी त्यातल्या कितीतरी इमारतींत शाळा भरतात. त्यामुळं वादळाच्या दिवशी तिथं जाणं म्हणजे परक्या जागी जाणं राहिलं नाही. तीच आपल्या पोरांची शाळा. निवाऱ्याची देखभाल करायला गावची समिती, त्यात बायका. शोध, प्रथमोपचार, इशारा देणं यासाठी शिकवलेली तरुण मंडळी. आणि दरवर्षी सराव, वादळ येवो न येवो. हवामान खात्याचा अंदाज सुधारला हेही तितकंच महत्त्वाचं. अंदाज बरोबर येत गेले तसा लोकांचा भरवसा वाढला. दोनदा खरं ठरलेलं सांगणं तिसऱ्यांदा ऐकलं जातं.

बांगलादेशचं तर आणखी वेगळं. १९७० च्या भोला वादळात तीन लाखांहून जास्त माणसं गेली. १९७२ पासून तिथं चक्रीवादळ पूर्वतयारीची स्वयंसेवक संघटना चालते. आज पाऊण लाखाच्या वर स्वयंसेवक, आणि त्यात निम्म्या बायका. बायका का, तर घरातल्या बाईला घरातल्या बाईनंच "चल" म्हणावं लागतं. आणि मला सर्वांत पटलेली गोष्ट, त्यांनी किनाऱ्यावर मातीचे उंच भराव टाकले आहेत. त्यांना ते 'किल्ला' म्हणतात. ते जनावरांसाठी आहेत. माझ्या आत्तीसारखी बाई तिथंही असणार, आणि तिचं म्हणणं कुणीतरी मनावर घेतलं असणार.

आपल्याकडं असं काही झालंच नाही असं नाही. किल्लारीनंतर पडझड झालेली घरं दुरुस्त आणि मजबूत करण्याचा जो मोठा कार्यक्रम झाला, त्यात महिला मंडळांमधून 'संवाद सहायक' नेमल्या होत्या. भिंत कशी बांधली म्हणजे ती भूकंपात टिकेल, हे त्या बायकांनी समजून घेतलं, शेजारणींना समजावलं, अनुदानाचा पैसा घरात नीट लागतो का ते पाहिलं. मराठवाड्यातल्या बायकांनी तीस वर्षांपूर्वी हे केलेलं आहे. कृष्णाकाठाला ते का जमणार नाही?

आणि थोडं जमलंही. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा मोठा पूर आला. या वेळी आमच्या शाळेत पहिली कुटुंबं पाणी दारात यायच्या आधीच आली. ट्रॉलीत पुढं माणसं, मागं जनावरं, वर चाऱ्याचे भारे. कुणी सांगितलं होतं असं नाही, २०१९ नं शिकवलं होतं. मला बरं वाटलं आणि काळजीही वाटली. कारण भिंतींवर आता २०१९ ची रेघ आहे, आणि "एकोणीसएवढं आलं तरच निघायचं" असं मी आत्ताच ऐकते आहे. अनुभवानं आलेलं शहाणपण त्या अनुभवाच्या उंचीपर्यंतच पुरतं.

दरवर्षी पूर आला की कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची चर्चा सुरू होते. धरणाची उंची, फुगवटा, कुणी किती पाणी सोडलं. अभ्यासकांनी, दोन्ही राज्यांच्या जलसंपदा खात्यांनी त्याचा निकाल लावायलाच हवा. नदीपात्रातली बांधकामं, निळ्या-लाल पूररेषेच्या आतले बंगले, पुलांचे भराव, हे विषयही तेवढेच मोठे. मी त्यातली जाणकार नाही. पण ती चर्चा गावच्या पारावर इतकी जागा घेते की आपल्या हातातलं काम बोलायलाच कुणी उरत नाही. अलमट्टीचं काहीही ठरो, माझ्या आत्तीच्या म्हशी ऑगस्टमध्ये कुठं बांधायच्या हा प्रश्न राहणारच आहे.

म्हणून आम्ही काही शिक्षिका, एक-दोन आशाताई आणि बचत गटातल्या बायका मिळून मार्च-एप्रिलमध्ये वही घेऊन घरोघरी बसतो. ज्वारीची काढणी उरकलेली असते, बायकांना जरा उसंत असते. प्रत्येक घराला विचारायचं: तुम्ही कशामुळं थांबाल? चालता न येणारं कोण आहे, त्याला कोण उचलेल, कुणाच्या ट्रॉलीत. औषध कुठलं, किती दिवसांचं वेगळं काढून ठेवायचं. मे-जूनमध्ये कुणाचे दिवस भरताहेत असं नाही, तर जुलै-ऑगस्टमध्ये कुणाचे भरतील. कागदपत्रांचे फोटो काढून मुलाच्या नाहीतर भाच्याच्या फोनवर पाठवले का. घराची किल्ली कुणाकडं. गावात राखणीला थांबणारी पोरं कोण, त्यांना पोहता येतं का, त्यांच्या अंगात जॅकेट असेल का. शासनाच्या आपदा मित्र योजनेत, म्हणजे आपत्तीत मदतीला धावणाऱ्या स्वयंसेवकांच्या योजनेत, तयार झालेला कुणी जवळपास असेल तर त्याला बोलावून दोर कसा टाकायचा ते पोरांना दाखवायचं. आता फोनवर सरकारचा इशारा मोठ्या आवाजात वाजतो, चांगलंच आहे. पण वीज जाऊन फोन बंद पडले की कोतवाल कुठल्या गल्लीतून आधी जाईल, हेही लिहून ठेवायचं.

वहीतल्या बहुतेक प्रश्नांना उत्तरं सापडतात, आणि ती गावातच सापडतात. अडतं ते जनावरांपाशी. उंचावर गायरानाचा एक तुकडा आहे. त्यावर पत्र्याची शेड, पाण्याची टाकी आणि आठवडाभराचा चारा ठेवता आला तर तीन गावांची जनावरं राहू शकतील. काही जणांना ती जागा क्रीडांगणाला हवी आहे, काहींना घरकुलांना. दोन्ही गरजा खऱ्या आहेत. ग्रामसभेत विषय दोनदा पुढं ढकलला गेला. आत्ती दोन्ही वेळा आली होती, पुढच्या रांगेत बसली होती. दुसऱ्यांदा तिनं उठून सरपंचांना सरळ विचारलं, "दादा, शेड कवा हुणार ते सांगा. ती झाली की मी सगळ्यांच्या आधी निघतो." सरपंचांनी मोजणी लावतो म्हणून सांगितलं आहे. मोजणीची तारीख अजून आलेली नाही, आणि मे महिना लागायला फार दिवस राहिलेले नाहीत.